पणजीतल्या एका वेब सेवेचा १४ वर्षांचा अनुभव आणि देवस्थानचं डोमेन परत कसं मिळालं

फोंडा तालुक्यातल्या एका लहान देवस्थानचा मी सचिव आहे. पोटापाण्यासाठी फोंड्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो. आमच्या देवस्थानची वेबसाइट २०११ पासून पणजीतल्या एका वेब कंपनीकडे होती. डोमेन म्हणजे साइटचं नाव, होस्टिंग म्हणजे साइट ज्यावर चालते ती संगणकसेवा, आणि ईमेल, तिन्ही एकाच माणसाच्या हातात. २०२५ साली ११ ऑगस्टला साइट बंद पडली, माणूस फोन उचलेना, आणि डोमेनची मुदत ९ ऑक्टोबरला संपत होती. डोमेन आम्हाला १ ऑक्टोबरला परत मिळालं. या ५१ दिवसांत काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितो, कारण गोव्यात कितीतरी देवस्थानं, शाळा, भजनी मंडळं आणि लहान धंदेवाले नेमक्या अशाच व्यवस्थेवर विसंबून आहेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चालवणारा एकटा तरुण होता, त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवला हे मला माहीत नाही. पण आमचं जे नुकसान झालं तेही खरं आहे.

आधी त्याची चांगली बाजू. पहिली दहा-बारा वर्षं सेवा उत्तम होती. २०११ साली आमच्या तालुक्यात फार थोड्या देवळांची साइट होती. याने स्वतः जत्रेला येऊन पालखीसारख्या लालखीचे, दीपस्तंभाचे, मखराचे फोटो काढले. उत्सवाच्या तारखा बदलायच्या असल्या की संध्याकाळी फोन केला तर रात्रीपर्यंत काम व्हायचं. मुंबई-पुण्याचे, बेळगावचे महाजन (देवस्थानचे परंपरेने सभासद) आणि कुळावी (ज्यांची ही कुलदेवता ते) साइटवर तारखा बघून गाडीचं तिकीट काढायचे, अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, खोलीसाठी आमच्या पत्त्यावर मेल टाकायचे. बिल दरवर्षी एप्रिलमध्ये यायचं. सुरुवातीला साडेतीन हजार होतं, २०२५ मध्ये ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. चेक एप्रिलमध्येच वटला.

गेल्या दोन-तीन वर्षांत उत्तरं यायला उशीर होऊ लागला. आधी एक दिवस, मग आठवडा, मग आठवण करून द्यावी लागे. तिथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं. समिती दर तीन वर्षांनी बदलते, नव्या सचिवाला जुने हिशेब, दागिन्यांची यादी, चाव्या असं सगळं सहीनिशी मिळतं. डोमेन त्या यादीत कधी नव्हतंच.

साइट बंद पडल्यावर मी दोन वेळा पणजीला गेलो. ऑफिस १८ जून रस्त्याच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप, कुलपाखाली विजेच्या बिलांचा गठ्ठा. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, सामान मे महिन्यातच नेलं. मोबाइल बंद, व्हॉट्सॲपवर एकच टिक. मग चवथ आली. २७ ऑगस्टला चतुर्थी, घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची, पाहुणे, आरत्या. त्या दिवसांत कुणाला वेबसाइटची आठवण करून देणार?

३० तारखेला दुकानात बसून मी पहिल्यांदा डोमेनची नोंद तपासली. ही गोष्ट फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि मी १४ वर्षांत एकदाही केली नव्हती. जगभरातल्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचं लुकअप पान आहे, तिथे नाव टाकलं की नोंद दिसते. पूर्वी याला हूइज म्हणत. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याची जागा आरडॅप नावाच्या पद्धतीने घेतली आहे, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने काम तेच. माणसांची नावं, फोन, ईमेल आता बहुतेक ठिकाणी झाकलेले असतात. तरी काही गोष्टी उघड्या होत्या: मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (नाव टाकल्यावर साइट कुठे आहे ते सांगणारे संगणक) कोणते, नाव दुसरीकडे हलवण्याला कुलूप आहे का, आणि रजिस्ट्रार, म्हणजे नावाची नोंद करणारी कंपनी, कोण.

रजिस्ट्रारच्या रकान्यात पणजीच्या कंपनीचं नाव नव्हतं! परराज्यातली एक मोठी कंपनी होती.

तेव्हा कळलं की आपला वेबवाला हा नुसता मधला विक्रेता. गोव्यातल्या वाचकांना हे जमिनीच्या भाषेत चटकन कळेल. डोमेन म्हणजे जागा, आणि त्याची नोंद म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला सातबारा. होस्टिंग म्हणजे त्या जागेवरची खोली, ती आज इथे, उद्या दुसरीकडे बांधता येते. डॉट कॉमची मुख्य नोंदवही व्हेरीसाइन ही कंपनी सांभाळते. तिच्यात नोंद करण्याचा अधिकार आयकॅनने मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारना असतो. रजिस्ट्रार आपलं काम विक्रेत्यांमार्फत करून घेऊ शकतो, पण जबाबदारी शेवटी रजिस्ट्रारचीच राहते. विक्रेता गायब झाला म्हणजे उतारा गायब होत नाही. उताऱ्यावर नाव कुणाचं आहे एवढंच महत्त्वाचं.

आणि नाव कुणाचं होतं? व्यक्तीचं नाव झाकलेलं होतं, पण संस्थेचा रकाना उघडा होता. त्यात आमच्या देवस्थानचं नाव होतं, जरा वेगळ्या स्पेलिंगात. राज्य गोवा, देश भारत. खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले गेले.

हे आपोआप झालेलं नाही, हे मला दोन दिवसांनी समजलं. २०११ साली सचिव होते ते आमच्याच शाळेतले मास्तर. २०१९ मध्ये ते वारले. त्यांच्या फायली देवळाच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात आहेत. पत्रव्यवहाराची फाइल काढली तर टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडलेला, आणि खाली त्यांच्या निळ्या शाईतल्या पत्राची कार्बन प्रत. वेबवाल्याला लिहिलेलं होतं, 'संकेतस्थळाचे नाव हे देवस्थानच्याच नावे नोंदवावे, आपल्या अथवा माझ्या नावे नोंदवू नये. पावती देवस्थानच्या नावे द्यावी.' त्याला जोडून पहिलं बिल, त्यावर वेबवाल्याची सही आणि 'डोमेन देवस्थानच्या नावे' असा हाताने लिहिलेला शेरा. स्वतः संगणकाला कधी हात न लावलेल्या माणसाने हे मागून घेतलं होतं. या एका शेऱ्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं.

पण ईमेल? तो वेबवाल्याचा होता. नाव आमचं आणि नोंदीतला ईमेल त्याचा. सगळी अडचण इथेच. मुदत संपायच्या सुमारे एक महिना आधी, मग एक आठवडा आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत रजिस्ट्रारने सूचना पाठवायची असा नियम आहे. त्या सूचना कुणीही न उघडणाऱ्या मेलपेटीत जाऊन पडणार होत्या. पासवर्ड बदलायची लिंक तिथेच. डोमेन दुसरीकडे हलवण्याचा कोडही तिथेच.

३१ ऑगस्टला रजिस्ट्रारला पहिली मेल लिहिली. दोन दिवसांनी ठरावीक उत्तर आलं: आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा. राग आला, पण रागात उत्तर लिहिलं नाही. माझा एक भाचा पणजीत वकिली करतो, त्याला विचारलं. त्याने सांगितलं, 'मामा, भांडण लिहू नकोस, मागणी लिही. तू कोण, काय मागतोस, कशाच्या आधारे, आणि तारीख.' त्याप्रमाणे ३ सप्टेंबरला दुसरं पत्र गेलं, देवस्थानच्या लेटरहेडवर, शिक्का मारून, स्कॅन करून. त्यात लिहिलं की या नावाचे नोंदणीदार आम्ही आहोत, तुमचा विक्रेता मे महिन्यापासून सापडत नाही, त्याला पाठवलेल्या मेल आणि रजिस्टर पत्राची पोच-पाकिटं सोबत आहेत, विक्रेत्याच्या कामाची जबाबदारी आयकॅनशी झालेल्या करारानुसार तुमच्यावर आहे, नोंदीतला ईमेल बदलून द्यावा, आणि ९ ऑक्टोबरला मुदत संपते. उत्तर न आल्यास आयकॅनकडे तक्रार करू, हेही शेवटी लिहिलं. ती तक्रार विनाशुल्क असते, संकेतस्थळावरच अर्ज आहे. मी मजकूर तयार करून ठेवला होता, पाठवायची वेळ आली नाही. हे सगळं डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांना लागू होतं. डॉट इन असेल तर आयकॅन त्यात पडत नाही. त्याचं खातं निक्सी या भारतातल्या संस्थेकडे, नियम निराळे.

५ तारखेला खऱ्या माणसाचं उत्तर आलं. इथून पुढे त्या रजिस्ट्रारबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी कागदांची यादी पाठवली: संस्थेच्या अस्तित्वाचा सरकारी दाखला, अधिकार दिल्याचा ठराव, अध्यक्षांचं ओळखपत्र, पैसे भरल्याचे पुरावे. आणि एक ओळ ठळक अक्षरांत, कागदांवरचं संस्थेचं नाव नोंदीतल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

आता बघा. डोमेनच्या नोंदीत नाव होतं 'श्री अमुक टेंपल', त्यात श्रीचं स्पेलिंग शेवटी दोन 'ई' असलेलं. बँकेच्या पासबुकावर 'श्री अमुक देवस्थान', शेवटी एक 'आय'. आणि आमचं देवस्थान नोंदलेलं आहे १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याखाली, ज्याला जुनी माणसं अजून माझानींचा, म्हणजे महाजनांच्या संस्थांचा, कायदा म्हणतात. त्यावेळची नियमावली, म्हणजे कॉम्प्रोमिस, पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीजात 'श' साठी एक्स हे अक्षर वापरतात, म्हणून तिथे श्री लिहिलंय एक्स-आर-आय! देवीचं नावही ओळखू न येण्यासारखं. आम्हाला यात काही नवल नाही, गोव्यात प्रत्येकाच्या घरी जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं असं होतंच. पण दूरच्या शहरात बसलेल्या तपासनिसाला ही तीन वेगळी देवळं वाटणार.

कॉम्प्रोमिसचं पहिलं पान मी स्वतः स्कॅन केलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, कागद चहाच्या रंगाचा, काचेवर ठेवताना वरचं झाकण लावायची हिंमत झाली नाही. काळं कापड वर धरून स्कॅन केलं. पण नुसत्या या पानाने काम होणार नव्हतं. गोव्यात मामलेदार हा त्या तालुक्यातल्या देवस्थानांचा प्रशासक असतो, समितीची नोंद त्याच्या कचेरीत असते. ८ सप्टेंबरला अर्ज दिला, की ही तिन्ही नावं एकाच संस्थेची आहेत आणि सध्याची समिती ही, असा इंग्रजीत दाखला द्यावा. कारकुनाने अर्ज वाचून विचारलं, 'डोमेन म्हणजे जमीन काय?' मी म्हटलं, जवळपास तसंच समजा. त्यांनी जुनं रजिस्टर काढून नावं ताडून पाहिली आणि १२ तारखेला दाखला हातात दिला. त्यांचे मनापासून आभार.

१३ ला सगळे कागद गेले. १७ ला रजिस्ट्रारकडून एका बाईंचा फोन. हिंदीत, अगदी शांतपणे बोलत होत्या. २०११ च्या बिलाचा नंबर वाचायला सांगितला, नंतर पहिल्या चेकची तारीख. मास्तरांची फाइल माझ्यासमोर उघडी होती, मी वाचत गेलो. त्यांनी विचारलं, 'इतना पुराना कागज आपने कैसे रखा?' काय सांगणार! शेवटी त्या म्हणाल्या की जुन्या ईमेलवर सूचना पाठवू, वेबवाल्याला आक्षेप घ्यायला वेळ देऊ, मग बदल करू. ही रीत मला पटली. उद्या कुणी खोटे कागद घेऊन आमचंच नाव न्यायला आला तर त्यालाही असंच थांबवायला हवं.

पण त्या थांबण्याच्या दिवसांतच नवरात्र होतं.

आमच्याकडे नवरात्रात रोज रात्री मखर असतो. देवीला सजवलेल्या मखरात बसवून वाद्यांच्या ठेक्यावर झुलवतात, चौक माणसांनी भरून जातो. २४ सप्टेंबरला रात्री नऊच्या सुमारास मखर चालू असताना डोंबिवलीहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि ऐंशी वर्षांची आई. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत ओटीचं सामान, वर नारळ. सुनेने मोबाइल पुढे केला. आमच्या पत्त्यावर २० ऑगस्टला खोलीसाठी मेल, २ सप्टेंबरला पुन्हा आठवण. मेल परत आली नाही म्हणून ती पोचली असंच त्यांनी धरलं. अग्रशाळेत आठ खोल्या, आठही भरलेल्या. मी सांगायला लागलो, 'आजी, आमची साइट बंद पडलीय, मेल आम्हाला...' त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, 'मखर बघायला मिळतोय ना? मग खोलीचं राहू दे.' आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

त्यांना रात्री मी घरी नेलं. बायकोने पेज-भाजी केली, सकाळी ओटी भरून ते गेले. त्यांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही, आणि म्हणूनच मला रात्रभर झोप लागली नाही. आणखी कितीजणांनी असे मेल टाकले असतील? तो आकडा आता कळणार नाही. ऑगस्टपासूनच्या सगळ्या मेल त्या सर्व्हरबरोबर गेल्या. या सेवेने केलेलं सर्वांत मोठं नुकसान कोणतं, तर हे. ९,४४० रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

मला दुसरीही एक भीती होती. आमची दिनदर्शिका माझ्याच दुकानात छापली जाते. तिच्यावर, कमानीवर, पावतीपुस्तकावर, लालखीच्या बॅनरवर साइटचा पत्ता आहे. मुदत संपून गेली असती तर काय झालं असतं? डॉट कॉमच्या बाबतीत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देऊ शकतो, जास्तीत जास्त ४५ दिवस, पण तेवढी दिलीच पाहिजे असं बंधन नाही. त्यानंतर ३० दिवस नाव सोडवून घेता येतं, मात्र भलामोठा वेगळा आकार भरून. मग ५ दिवस पुसण्यासाठीचे. त्यानंतर ते कुणालाही घेता येतं. कुणीही आमच्या नावाचं पान उभं करून त्यावर अभिषेकासाठी म्हणून क्यूआर कोड लावला असता आणि भाविकांनी भोळेपणाने पैसे भरले असते. जत्रा कार्तिकात. हा विचार आला की घास घशाखाली उतरत नसे.

नाव दुसऱ्याने घेतल्यावर कायदेशीर मार्ग आहेत, तेही भाच्याने सांगितले. १९९९ पासून यूडीआरपी नावाची तंटा सोडवण्याची पद्धत आहे. जिनिव्हाच्या वायपो संस्थेकडे एका पंचापुढे दावा लावायला १,५०० डॉलर लागतात, आणि नावावर आपला ट्रेडमार्कसारखा हक्क, समोरच्याला त्यावर रास्त हक्क नसणं आणि त्याचा दुष्ट हेतू, तिन्ही सिद्ध करावे लागतात. लहान देवस्थानने तिथवर जायची वेळ येऊ देऊ नये.

३० सप्टेंबरला दुपारी मेल आली: आक्षेप आला नाही, ईमेल बदलला. १ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खात्याचा पासवर्ड आमच्या हाती आला. अध्यक्ष, खजिनदार आणि मी, तिघे दुकानात संगणकासमोर बसलो. नूतनीकरण एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत होतं. आम्ही ५ वर्षांचं केलं, साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला. पावती छापून निघाली तेव्हा अध्यक्षांनी ती आधी देवीपुढे ठेवायला सांगितली.

एक बारीक पण महत्त्वाची बाब. अनेकजण सांगत होते की आधी ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवा. मी हलवलं नाही. नोंदणीदाराचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की साधारणपणे ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. तसं हलवण्याचा कोड मागितल्यावर रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत द्यायचा असतो, पण आमच्या बाबतीत तो त्या वेबवाल्याच्याच ईमेलवर गेला असता. म्हणून आधी ईमेल, मग मुदत वाढवणं, आणि राहायचं तिथेच. हलवण्याची घाई केली असती तर ९ तारीख हातातून गेली असती.

आता होस्टिंग वेगळ्या कंपनीकडे घेतलं आहे, डोमेन त्यांच्या हातात दिलेलं नाही. नेमसर्व्हर बदलल्यावर काही तासांत साइट उघडली. खात्याला जोडलेला ईमेल मुद्दाम आमच्या डोमेनवरचा ठेवला नाही. तसा ठेवला असता तर डोमेन बंद पडलं की त्याची किल्लीही आत अडकली असती. दोन टप्प्यांची पडताळणी देवळाच्या कचेरीतल्या फोनवर आहे. आणि डोमेनचं खातं, मुदत, ईमेल, सगळं आता सचिवपदाच्या हस्तांतराच्या यादीत दागिन्यांच्या पानानंतर लिहिलेलं आहे, तसा ठराव झालाय.

साइटवरचा मजकूर मात्र मिळाला नव्हता, कारण आमच्याकडे प्रतच नव्हती. जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये आमची जुनी पानं सापडली. २०१८ नंतरची सरळ उतरवून घेतली. त्याआधीची उघडली तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. युनिकोड, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी नीट दिसण्याची पद्धत, तिच्या आधीच्या फाँटात टाइप केलेला. दुसऱ्या कुणी ते टाकून दिलं असतं, पण माझं आयुष्य या फाँटांत गेलं. तो फाँट माझ्या जुन्या संगणकावर अजून आहे. चार रात्री बसून देवीच्या स्थलांतराची हकिगत, मास्तरांनी लिहिलेली, अक्षर अक्षर युनिकोडमध्ये आणली. पोर्तुगीज काळात मूर्ती नदी ओलांडून इकडे कशी आणली, ती हकिगत. छापील प्रत कुणाकडेच नव्हती.

आता गुण द्यायचे तर असे देतो. पणजीच्या वेब सेवेला २०११ ते २०२२ साठी पाचपैकी चार, त्यानंतर शून्य. सेवा बंद करायची होती तर एक मेल पुरेशी होती: हा पासवर्ड, ही मुदत, माझं काम संपलं. तेवढंही त्याने केलं नाही, हे मला अजून बोचतं. एप्रिलच्या पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, अजून निकाल नाही. रजिस्ट्रारला पाचपैकी चार. पहिलं छापील उत्तर आणि नंतरची तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, पण जे केलं ते पूर्ण काळजीने आणि कोणतेही जादा पैसे न घेता. तालुक्याच्या कचेरीला पाचपैकी पाच.

आपल्या मंडळाची, शाळेची, दुकानाची साइट कुणाकडे असेल तर आजच लुकअपवर जाऊन मुदतीची तारीख आणि संस्थेचा रकाना बघा, आणि नोंदीतला ईमेल कुणाचा हे वेबवाल्याला लेखी विचारा. तो अजून फोन उचलतोय तोवर विचारा.

आमचं एक काम राहिलं आहे. २०१४ ते २०१७ च्या जत्रेचे मोठे फोटो वेबॅकमध्ये नाहीत, फक्त नखाएवढी चित्रं आहेत. त्या वर्षांत जुन्या लालखीचा शेवटचा उत्सव झाला, नंतर ती बदलली. कुणा महाजनाच्या, कुळाव्याच्या जुन्या फोनमध्ये किंवा अल्बममध्ये ते असतील तर देवळाच्या कचेरीत आणून द्या. स्कॅन मी करून देईन, मूळ फोटो त्याच दिवशी परत मिळेल.